सीताफळाच्या झाडावरची वस्ती

तेलगावकडून धारूरला निघालात, की काळ्या जमिनीचा सपाट मुलूख मागे पडतो आणि गाडी घाट चढू लागते. हा बालाघाटचा डोंगर. वर मुरूम, खाली खडक, मधे वीतभर माती. उन्हाळ्यात पाहिले तर वाटते, या माळावर काय उगवणार? पण मृगाचा पाऊस पडून गेला, की त्याच खडकाच्या भेगांतून सीताफळीची झुडपे हिरवीगार होतात. आश्विन महिन्यात या घाटातून जा. वळणावळणावर पाट्या मांडून बसलेल्या आया-बहिणी दिसतील. पाटीत खाली पाला आणि वर डोळे उघडलेली सीताफळे. कुणी बांधावरची आणलेली, कुणी डोंगरातून वेचून आणलेली.

शेतकरी बंधू-भगिनींनो, या पाटीला आपल्या बीड जिल्ह्यात फार मोल आहे. दसरा-दिवाळी आली, की आपल्याकडची किती तरी घरे कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. जाण्याआधी घरात चार पैसे लागतात. मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या औषधपाण्याला लागतात, शाळेतल्या पोरांच्या वह्या-पुस्तकांना लागतात. नेमके त्याच दिवसांत हे झाड पैसे देते. डोंगरातल्या झाडाला ना विहीर लागते, ना राखण. शेळ्या त्याच्या पानाला तोंड लावत नाहीत. दुष्काळात इतर झाडे माना टाकतात, तेव्हाही हे पाने गाळून गप्प उभे राहते आणि पावसाची वाट पाहते.

हे झाड मूळचे आपले नव्हे, अमेरिका खंडातले. पण बालाघाटाने त्याला असे काही आपलेसे केले, की २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. अंबाजोगाईला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे. या केंद्राने दिलेल्या वाणाला आपल्याच तालुक्याचे नाव आहे, 'धारूर-६'. बार्शी तालुक्यात नवनाथ कसपटे यांनी निवडलेला 'एनएमके-१ गोल्डन' हा वाणही आता पुष्कळ ठिकाणी लागला आहे. डोंगरातले झाड बांधावर आले, बांधावरचे ओळीत लागले, आणि त्याची बाग झाली.

बाग झाल्यापासून मात्र गावोगाव दोन तक्रारी कानांवर येतात. पहिली अशी, की "साहेब, झाड फुलांनी लगडते, पण फळ धरत नाही." दुसरी अशी, की "जे धरते, त्याला पांढरी कीड लागते." शेतकरी या दोन तक्रारी वेगवेगळ्या सांगतात आणि दोन्हींवर एकच औषध मागतात, फवारा! खरे तर या दोन्ही तक्रारींची मुळे एकमेकींत गुंतलेली आहेत. ती सोडवायची तर आपल्या झाडावर कोण कोण राहते, हे आधी ओळखले पाहिजे. म्हणून आज तुम्हाला बागेतून हिंडवून आणतो. जमिनीपासून सुरुवात करू, खोडावरून वर चढू, फळापाशी थांबू आणि शेवटी फुलात डोकावू.

जमिनीवरचे रहिवासी

मृग नक्षत्राचा पहिला पाऊस झाला, की झाडाखालच्या ओल्या मातीत लाल मखमलीचा तुकडा चालताना दिसतो. आपण त्याला मृगाचा किडा म्हणतो. घरातल्या पोरांना त्याचे पाय मोजायला लावा. सहा भरतील ते कीटक, आठ भरतील ते कोळ्याच्या कुळातले. मृगाच्या किड्याला आठ पाय. म्हणजे हा कीटक नव्हेच, कोळ्यांचा भाऊबंद आहे. त्याची पिल्ले नाकतोड्यासारख्या किडींच्या अंगाला चिकटून त्यांच्यावर जगतात. मोठा झाला की तो मातीत फिरून बारीक किडी आणि त्यांची अंडी खातो. वर्षातले मोजके दिवस तो वर येतो, पण त्याचे काम मातीत चालूच असते.

दगड उलथला, की वाणी वेटोळे करून बसलेली सापडते. ती कुजका पालापाचोळा खाऊन त्याची माती करते. तिच्याशी वैर धरण्याचे कारण नाही. गोम मात्र शिकारी. रात्री फिरते आणि किडी पकडते. बांधाच्या दगडांत विंचूही असतो. त्यालाही आठ पाय आहेत. तोही किडींवरच जगतो, पण फळे वेचणाऱ्या बायांनी आणि पोरांनी त्याला जपून असावे. अनवाणी पायांनी गवतात शिरू नये, दगडाच्या फटीत हात घालू नये. विंचू चावला तर मंत्र-तोडग्यांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध किती गुणकारी ठरते, ते दाखवून दिले. त्या औषधाने पुष्कळांचे प्राण वाचले आहेत. पण रोगी वेळेवर पोहोचला तरच औषधाचा उपयोग.

खोडावरची वर्दळ

आता खोडाकडे पाहा. मुंग्यांची ओळ वर जाते, एक ओळ खाली येते. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर असते तशी वर्दळ. बागेत शिरल्यावर मी आधी मुंग्यांची ओळ पाहतो. ओळ दाट असेल तर वर काही तरी गोड आहे, हे समजावे.

ते गोड म्हणजे पिठ्या ढेकणाच्या अंगातून पडणारा चिकट द्रव. पिठ्या सोंड खुपसून झाडाचा रस पितो. रस भरपूर, त्यातली साखर त्याला पचत नाही, ती तो बाहेर टाकतो. मुंग्या ती चाटतात आणि बदल्यात पिठ्याची राखण करतात. त्याचे शत्रू आले तर त्यांना चावून हुसकतात, त्याची पिल्ले उचलून दुसऱ्या फांदीवर नेऊन ठेवतात. आपण जशा शेळ्या पाळतो, तशी मुंग्या पिठ्याची खिल्लारे पाळतात. उरलेला चिकटा पानांवर, फळांवर सांडतो, त्यावर काळी बुरशी वाढते आणि फळ काजळी लावल्यासारखे दिसते. मग व्यापारी पाटीला हात लावत नाही.

म्हणून पिठ्याचा बंदोबस्त वर फवारा मारून सुरू होत नाही, तो खाली खोडावर सुरू होतो. उन्हाळा संपता संपता जमिनीपासून दीड-दोन फुटांवर खोडाला वीतभर रुंदीचा प्लॅस्टिकचा पट्टा घट्ट गुंडाळावा आणि त्याच्यावर ग्रीस लावावे. ग्रीस सालीला थेट लावू नये, साल खराब होते. पट्ट्याखाली फट राहिली तर मुंग्या तिथून जातात, म्हणून साल खडबडीत असेल तिथे कडा चिखलाने बुजवाव्यात. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात, नाही तर मुंग्यांना दुसरी वाट मोकळी राहते. पिठ्याची बारकी पिल्ले जमिनीतून आणि सालीच्या भेगांतून वर चढतात, तीही या पट्ट्यावर अडकतात. एवढे झाले की राखणदार खाली राहतात आणि पिठ्या वर एकटा पडतो.

फळावरचे दोन पांढरे

आता फळापाशी थांबा. सीताफळाच्या दोन डोळ्यांमधली खाच म्हणजे पिठ्याला राहायला केलेले घरच. तिथे फवाऱ्याचे पाणी नीट पोहोचत नाही. मादीला पंख नसतात. ती एका जागी बसून कापसासारख्या पिशवीत शेकड्यांनी अंडी घालते. उबदार हवेत महिनाभरात पुढची पिढी तयार होते. तिच्या अंगावर मेणाचे पीठ असते आणि पाणी त्यावरून ओघळून जाते. म्हणून कडक औषध मारूनही आतली कीड वाचते आणि आठ-पंधरा दिवसांत फळ पुन्हा पांढरे दिसते.

पण नीट पाहा बरे. या पांढऱ्यांत एखादा पांढरा वेगळा असतो. पिठ्या तांदळाच्या कणीएवढा आणि सुस्त. हा दुसरा मात्र त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब, अंगावर मेणाच्या लांब झिपऱ्या, आणि काडीने डिवचला की लगबगीने चालू लागतो. लोक म्हणतात, "हा पिठ्या फारच माजला आहे." आणि चिरडून टाकतात. अहो, हा पिठ्या नव्हेच! ही क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी आहे. पिठ्याच्या वस्तीत राहते, पिठ्यासारखाच वेष घेते आणि त्यालाच खाते. तिचा वेष असा, की राखणदार मुंग्याही पुष्कळदा फसतात. मुंग्या फसल्या तर फसोत, आपण फसू नये.

मोठा झालेला क्रिप्टोलेमस ज्वारीच्या दाण्याएवढा असतो. पाठ काळी, डोके आणि मागचे टोक नारिंगी. तो आणि त्याची अळी दोघेही पिठ्याची अंडी, पिल्ले आणि माद्या फस्त करतात. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९८ साली कॉफीच्या मळ्यांतल्या खवले किडीसाठी त्याला आपल्या देशात आणले गेले. पुढे द्राक्षाच्या, पेरूच्या, लिंबाच्या आणि सीताफळाच्या बागांत पिठ्यावर त्याचा उपयोग होऊ लागला. एकरी सुमारे ६०० भुंगेरे सायंकाळच्या वेळी सोडण्याची शिफारस आहे. अंबाजोगाई आणि गेवराई तालुक्यातील खामगाव येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत, परभणीला विद्यापीठ आहे. ते कुठे मिळतील याची तिथे आधी चौकशी करून ठेवावी. मात्र एक अट आहे. ज्या बागेत हे सोडायचे, तिथे विषारी फवारा नको. पाहुण्याला जेवायला बोलवायचे आणि ताटात विष वाढायचे, असे होऊ नये.

क्रिप्टोलेमसखेरीज आपले देशी ढालकिडेही असतात. क्रायसोपा नावाचा नाजूक हिरव्या पंखांचा किडा असतो. त्याची अंडी केसासारख्या दोऱ्याच्या टोकाला टांगलेली दिसतात. ती पाहून बुरशी समजू नये. पानांच्या बेचक्यात जाळी विणून बसलेले कोळी तर गणतीत धरायलाच आपण विसरतो. हे सगळे बिनपगारी गडी आहेत.

किडीने किडीला आवरणे हे काही पुस्तकातले स्वप्न नव्हे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात संत्रा-लिंबाच्या बागा एका पांढऱ्या खवले किडीने बुडवायला आणल्या होत्या. १८८८ साली ऑस्ट्रेलियातून एक ढालकिडा आणून सोडला आणि दोनेक वर्षांत ती कीड आटोक्यात आली. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच बागांत डीडीटीची फवारणी सुरू झाली. ढालकिडे मेले आणि पन्नासेक वर्षे दबून राहिलेली कीड पुन्हा उसळली. जवळचे उदाहरण पाहा. २००८ साली तामिळनाडूत कोइमतूरकडे पपईवरचा नवा पिठ्या दिसला आणि तो पुढे आपल्या राज्यातही पोहोचला. औषधांनी तो हटेना. २०१० साली प्वेर्तो रिको बेटावरून त्याच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारक्या गांधीलमाश्यांच्या तीन जाती आणून बेंगळुरूच्या केंद्रातून वाटल्या गेल्या, तेव्हा तो आवरला. त्या गांधीलमाश्या इतक्या लहान, की डोळ्यांना धुळीच्या कणासारख्या दिसतात.

फुलातला कारभारी

आता पहिल्या तक्रारीकडे येऊ. फूल भरपूर, फळ का नाही?

सीताफळाचे फूल कधी हातात घेऊन पाहिले आहे का? पाहिले नसेल तर या वैशाख-ज्येष्ठात पाहा. देठाला खाली मान घालून लोंबणारे, तीन जाड पाकळ्यांचे, पिवळसर हिरवे. दिसायला काही देखणे नाही. मधमाशी त्याच्याकडे फारशी फिरकत नाही. या फुलाची रीतच निराळी. ते आधी मादी असते आणि मग नर होते. पाकळ्या जरा विलगतात, तेव्हा आतला स्त्रीभाग पराग घ्यायला तयार असतो, पण त्या फुलाचे स्वतःचे पराग अजून पिकलेले नसतात. पुढे पराग मोकळे होतात, तोवर स्त्रीभाग सुकून गेलेला असतो. थोडक्यात, नवरा-नवरी एकाच घरात, पण एक आला तेव्हा दुसरी गेलेली. म्हणून एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलात कुणी तरी नेऊन पोहोचवावे लागतात.

हे काम कोण करते? तिळाच्या दाण्याएवढा, तपकिरी-काळा एक भुंगेरा. शास्त्रात त्याच्या कुळाला निटिड्युलिड म्हणतात. फुलाला पिकल्या फळासारखा हलका वास येतो, त्या वासावर हा येतो आणि अर्धवट उघडलेल्या पाकळ्यांतून आत शिरतो. आत उबारा असतो, आडोसा असतो. फूल नर झाले, की परागांत माखून बाहेर पडतो आणि नव्याने उमललेल्या दुसऱ्या फुलात शिरतो. एवढ्यात फळाचे बीज पडते. याच कुळातल्या भुंगेऱ्यांमुळे या झाडाला नैसर्गिक फळधारणा होते, हे इस्रायलमधील अभ्यासकांनी १९८२ सालीच दाखवून दिले आहे.

सीताफळ हे एकच फळ दिसले, तरी ती पुष्कळ फळांची मोट आहे. प्रत्येक डोळा म्हणजे एक वेगळे बारके फळ, आणि ते भरायला त्याच्या वाट्याचे पराग मिळावे लागतात. फुलाच्या एका बाजूला पराग कमी पडले, तर ती बाजू वाढत नाही आणि फळ वाकडे होते. वाकडे फळ पाहून आपण खत कमी पडले असे म्हणतो. पुष्कळदा कमी पडलेला असतो तो भुंगेरा!

आधीच शंभर फुलांतून जेमतेम दोन-चार फळे धरायची, ही या झाडाची जात. कोरड्या गरम हवेत स्त्रीभाग लवकर सुकतो, म्हणून पहिल्या पावसानंतर हवेत ओल आली की फळधारणा सुधारते. आता विचार करा. नेमक्या याच दिवसांत पिठ्याची दोन-चार पिल्ले दिसली म्हणून आपण बागभर कडक औषध मारतो. पिठ्या खाचेत लपून वाचतो. मरतो कोण? फुलातला भुंगेरा आणि फळावरचा ढालकिडा. भुंगेरा मेला म्हणून फळ धरत नाही. ढालकिडा मेला म्हणून पिठ्या वाढतो. पुढच्या महिन्यात तोच शेतकरी दोन्ही तक्रारी घेऊन येतो आणि दुकानदार त्याला आणखी एक बाटली देतो. दोन तक्रारींची मुळे एकमेकींत गुंतली आहेत असे मी म्हणालो, ते याचसाठी.

डोंगरातल्या झाडावरही पिठ्या असतो. पण तिथे वस्ती पुरी आहे. पिठ्या आहे, त्याला खाणारा आहे, कुजके फळ आहे आणि त्यात वाढणारा भुंगेराही आहे. बागेत आपण झाडे आणली, पण ही वस्ती मागेच राहिली.

हा भुंगेरा आंबलेल्या, कुजक्या फळांत वाढतो. इथे एक पेच पडतो. पडलेली फळे उचलून पुरा, असे आम्हीच सांगत आलो आहोत. ते बरोबरच आहे, कारण हंगामात पडलेल्या फळांत फळमाशीच्या अळ्या वाढतात आणि पिठ्याही टिकतो. म्हणून काळ पाहून वागावे. भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत बागेत एकही सडके फळ ठेवू नये, खोल पुरावे. पण वैशाख-ज्येष्ठात फुले येतील तेव्हा झाडावर फळ नसते. त्या वेळी पिकल्या केळ्याची, अननसाची किंवा पपईची साल डब्यात घालून बागेत दोन-चार ठिकाणी सावलीला टांगावी. भुंगेरे त्या वासावर येतात. साल चार-पाच दिवसांनी बदलावी आणि जुनी पुरून टाकावी, म्हणजे तिच्यात माश्या वाढणार नाहीत.

ज्यांची झाडे थोडी आहेत आणि घरात हात आहेत, त्यांनी हाताने परागीभवन करून पाहावे. सायंकाळी पाकळ्या सुटू लागलेली, परागाला आलेली फुले काढून कागदावर पसरून ठेवावीत. सकाळपर्यंत पराग मोकळे होतात. भल्या सकाळी मऊ कुंचल्याने ते अर्ध्या उमललेल्या फुलांच्या आत हलकेच फिरवावेत. या कामाला नजर आणि हलका हात लागतो. आमच्या भगिनींना हे पुरुषांपेक्षा चांगले जमते, हे मी अनेक बागांत पाहिले आहे. अशी फळे गोल, भरदार होतात आणि पाटीत वरच्या थराला बसतात.

फळमाशी, बी आणि फवारा

फळमाशी हा खरा चोर. फळ पिकायला आले, की ती सालीला भोक पाडून आत अंडी घालते. बाहेरून फळ चांगले दिसते, आत अळ्या वळवळतात. यावर मिथाईल युजेनॉलचे कामगंध सापळे बाग पिकण्याआधी महिनाभर टांगावेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक सापळा' याच कामाचा. सापळ्यात फक्त नर पडतात, म्हणून शेजारच्या बागवाल्यांनीही टांगले तरच गुण येतो. एकट्याचे काम नव्हे ते.

आता या झाडाचाच एक गुण सांगतो. सीताफळाच्या बियांत कीटकांना मारणारे द्रव्य असते. बियांची पूड उवांवर लावण्याची रीत आपल्याकडे आहे. भगिनींनो, ही रीत सोडा. ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला भयंकर इजा होते. नजर जाण्याची वेळ येते. लहान मुलींच्या डोक्याला ती मुळीच लावू नका.

आणि फवाऱ्याविषयी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. हे आपण विसरू नये. पूर्वी आपण सर्रास वापरत होतो ती फोरेट, डायक्लोरव्हॉस, ट्रायझोफॉस ही औषधे सरकारने ३१ डिसेंबर २०२० पासून बंद केली आहेत. घरात जुनी बाटली असेल तर ती वापरू नका आणि नाल्यात ओतूही नका. ती वेगळी ठेवून कृषी सहायकाला विचारा. फवारावे लागलेच, तर आधी ५ टक्के निंबोळी अर्क. पाऊसकाळात हवा दमट असेल तर व्हर्टिसिलियम बुरशीची पूड, १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम, सायंकाळी खाचांत पोहोचेल अशी फवारावी. ती पिठ्याच्या अंगावर वाढते आणि त्याला मारते. तिच्या मागेपुढे बुरशीनाशक मारू नये. एखाददुसऱ्या झाडावरच कीड असेल, तर तेवढेच झाड धरावे, सगळी बाग नव्हे. फार लागलेली फळे-फांद्या काढून जाळाव्यात, पण त्याआधी त्यांवर झिपऱ्यांची अळी नाही ना, हे पाहावे. असेल तर ती काडीने उचलून दुसऱ्या झाडावर सोडावी.

वर्षाचे काम

सगळे लक्षात राहणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. माघ-फाल्गुनात झाड पाने गाळते, तेव्हा वाळक्या, किडक्या फांद्या छाटून जाळा आणि आळी चाळून द्या. उन्हात पिठ्याची अंडी मरतात. चैत्र-वैशाखात खोडाला पट्टे बांधा. फुले लागल्यापासून फळ सुपारीएवढे होईपर्यंत विषारी फवारा बंद म्हणजे बंद. आषाढ-श्रावणात आठवड्यातून एकदा खाचा तपासा आणि गरज असेल तर ढालकिडे सोडा. श्रावणाच्या अखेरीस सापळे टांगा. काढणीच्या दिवसांत पडलेली फळे रोज उचला. बांधावरची चार जुनी डोंगरी झाडे तोडू नका. मित्रकिडींचे माहेर तिथेच असते.

सकाळी बागेत जाल, तेव्हा पंप घरी राहू द्या. शाळेतल्या पोराला बरोबर घ्या. त्याच्याकडे बारीक अक्षरे वाचायचे भिंग असले तर तेही घ्या. दहा झाडे निवडा आणि प्रत्येकाची चार फळे, चार फुले पाहा. पांढरे किती आणि त्यांतले धावणारे किती, हे वहीत मांडून ठेवा. धावणारे वाढत असतील, तर आठ दिवस थांबा. त्या आठ दिवसांत औषधाचे पैसे वाचतील आणि दिवाळीच्या पाटीत फळही जास्त भरेल.